ग्रंथालय उपकर लावा, पण हिशोबासकट

घरपट्टीवर ग्रंथालय उपकर, म्हणजे फक्त ग्रंथालयांसाठी राखलेला छोटा जादा कर, लावायचा का, हा विषय महाराष्ट्रात अधूनमधून निघतो आणि दरवेळी एकाच वळणाने जातो. एक बाजू म्हणते वाचनसंस्कृती मरत चाललीय, तिला वाचवा. दुसरी म्हणते आता वाचतंय कोण, सगळं मोबाईलवर आहे, आधी खड्डे बुजवा. मग कोणी शेवटचं पुस्तक कधी वाचलं यावर दोन दिवस वाद होतो आणि विषय संपतो. मला वाटतं दोन्हीकडचे लोक चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. उपकर लावायलाच हवा असं माझं मत आहे, पण लोक जास्त वाचतील म्हणून नाही. कोण किती वाचतं हे सरकारने मोजायची गोष्टच नाही. प्रश्न असा आहे की आपल्या गावातलं, वॉर्डातलं ग्रंथालय नक्की कोणाचं आहे, आणि ते बंद असेल तर जाब कोणाला विचारायचा.

आत्ता काय चाललंय ते आधी बघू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याच्या आधी १९४८ ला मद्रासने (आजचं तामिळनाडू), १९६० ला आंध्रने, १९६५ ला म्हैसूरने (आजचं कर्नाटक) ग्रंथालय कायदे केले आणि तिन्ही ठिकाणी स्थानिक करांवर ग्रंथालयासाठी उपकर ठेवला. आपण ठेवला नाही. आपण अनुदानाची वाट धरली, म्हणजे गावातल्या चार लोकांनी संस्था काढायची, नोंदणी करायची, पुस्तकं आणि सभासद दाखवायचे, मग सरकार अ, ब, क, ड असा वर्ग देणार आणि त्याप्रमाणे दरवर्षी अनुदान. अशी अकरा-बारा हजार ग्रंथालयं राज्यात आहेत, आकडा ऐकायला फार छान वाटतो. पण त्यातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळायचे, २०२२ च्या निर्णयाने ६० टक्के वाढ झाली तेव्हा ते ४८,००० झाले. महिन्याला ४,००० रुपये. यात ग्रंथपालाचा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं, नवीन पुस्तकं, आणि जागा भाड्याची असेल तर भाडं. एवढ्या पैशात जो माणूस रोज संध्याकाळी कुलूप उघडतो तो पगारासाठी उघडत नाहीये, जीव लावून उघडतोय. अशा हजारो माणसांच्या जिवावर आपलं राज्य स्वतःला ग्रंथालय चळवळीचं राज्य म्हणवतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कोणी म्हणेल की आपली परंपराच लोकवर्गणीची आहे, आणि ते खरंय. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. या संस्था नसत्या तर मराठीतले कितीतरी जुने ग्रंथ, नियतकालिकांचे अंक आज बघायलाही मिळाले नसते. त्यांचं ऋण मोठंच आहे. पण वर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्थेचा पाया सभासद असतो. अनामत भरा, महिन्याची वर्गणी भरा, ओळखीच्या सभासदाची सही आणा, मग पुस्तक घरी न्या. वर्गणी कमी असते हो, चाळीस-पन्नास रुपये, पण ज्या घरात पुस्तक ही खर्च करायची गोष्टच नाही त्या घरातली नववीतली मुलगी ती वर्गणी आणि अनामत मागायला बापाकडे जातच नाही, आणि ती आली नाही हे कुठल्या वहीत नोंदलंही जात नाही. सभासद कमी झाले तर अहवालात दिसतात, जे कधी सभासद झालेच नाहीत ते कुठेच दिसत नाहीत. मग आपण निष्कर्ष काढतो की वाचायची आवड राहिली नाही.

आवड नाही हे खरं असतं तर पुण्यात, संभाजीनगरात, लातुरात गल्लोगल्ली अभ्यासिका का निघाल्या असत्या? स्पर्धा परीक्षा करणारी पोरं महिन्याला हजार-दीड हजार रुपये देऊन एक खुर्ची, एक ट्यूबलाईट आणि एक चार्जिंगचा पॉईंट विकत घेतात. गावाकडून बाप पैसे पाठवतो त्यातले एवढे पैसे फक्त शांत बसायला जागा मिळावी म्हणून जातात. ही जागा म्हणजे ग्रंथालयच, फक्त पुस्तकं नसलेलं आणि खाजगी. म्हणजे गरज आहे आणि लोक पैसेही देतायत, पण ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्या खिशातून देतायत.

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडे येतो, कारण त्यांचे मुद्दे पोकळ नाहीयेत. घरपट्टीचं बिल उघडून बघा. सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, पथकर, वृक्ष उपकर, अग्निशमन, राज्य शिक्षण कर, काही ठिकाणी रोजगार हमी कर. शिक्षण उपकराचा कायदा १९६२ चा आहे, साठ वर्षं आपण तो भरतोय, आणि महापालिकेच्या शाळांची अवस्था कशी आहे हे सांगायला नको. अशा वेळी माणूस म्हणाला की आधीच्या पैशाचा हिशोब द्या मग नवीन मागा, तर त्याला पुस्तकाचा शत्रू ठरवणं हा शुद्ध उर्मटपणा आहे. उपकराची बाजू घेणारे बरेच जण हाच उर्मटपणा करतात आणि म्हणून हरतात.

पण त्या रागातून उपकर नको हा निष्कर्ष निघतो का? आधी रक्कम बघू. समजा घरपट्टी वर्षाला ६,००० आहे. कर्नाटकच्या दराने म्हणजे ६ टक्क्यांनी वर्षाचे ३६० रुपये होतात, महिन्याला ३०. मी तर २ टक्क्यांवर सुरुवात करा म्हणतो, वर्षाचे १२० रुपये. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे तिथे लहान घरांवर हा उपकर येणारच नाही, बाकी शहरांतही लहान घरं वगळता येतील. गोव्याने तर १९९३ च्या आपल्या कायद्यात घराला हातच लावला नाही, दारूवर अधिभार ठेवला. मार्ग बरेच आहेत, तेव्हा सामान्य माणूस या उपकराने चिरडला जाईल हे म्हणणं टिकत नाही.

आणि आपल्याच राज्यात याहून मोठी गोष्ट झालेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागेंचं नाव त्यासाठी आपण घेतो. तिच्यासाठी पैसा कुठून आला? १९७५ साली व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदारांच्या पगारातून तो कापला जायला लागला, आणि जेवढा या करांतून गोळा होईल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. मुंबईच्या ऑफिसात बसणाऱ्या कारकुनाने मराठवाड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी पैसे दिले. त्याला त्यातून थेट काय मिळालं? काही नाही. तरी त्याने भरले, आणि पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता. हेही खरं की त्या निधीत पैसा साचत गेला आणि गावात कामं मात्र निघत नव्हती अशी वर्षं आली. म्हणजे दोन्ही धडे आपल्याच घरात आहेत, एकाच्या घामासाठी दुसऱ्याने कर भरायला महाराष्ट्र तयार होतो, आणि पैसा गोळा झाला म्हणजे काम झालं असं नसतं.

यावरूनच विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा येतो आणि तो बंगळुरूचा आहे. तिथे महापालिका मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर गोळा करते, तो ग्रंथालय खात्याला द्यायचा असतो, आणि वर्षानुवर्षं तो पूर्ण दिलाच जात नाही, थकबाकी शेकडो कोटींत गेलेली आहे. चेन्नईतही हीच तक्रार होत आलीय. लोक पुस्तकाच्या नावाने पैसे भरतात आणि महापालिका ते भलतीकडे वापरते. मग इथे वेगळं काय होणार?

हा प्रश्न मी टाळणार नाही. पण जरा विचार करा, बंगळुरूची थकबाकी आपल्याला कळली कशी? ती रक्कम कायद्याने ग्रंथालयाची ठरलेली आहे म्हणून. किती गोळा झाले, किती दिले, किती राहिले हे मोजता येतं, पेपरात छापता येतं, कोर्टात नेता येतं. आपल्याकडे १९६७ पासून ग्रंथालयांचे किती पैसे बुडाले? सांगताच येणार नाही, कारण त्यांचं काही ठरलेलंच नव्हतं. अनुदान दहा वर्षं वाढवलं नाही तर ती थकबाकी होत नाही, तो धोरणात्मक निर्णय होतो. हप्ता उशिरा आला तर ती प्रशासकीय अडचण होते. २०१२ नंतर कित्येक वर्षं नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना दर्जावाढ बंद राहिली, आणि त्याबद्दल सामान्य नागरिक एक शब्द बोलला नाही, कारण त्याचं काही गेलं असं त्याला वाटलंच नाही. उपकर बुडवला तर ती चोरी असते आणि चोरीविरुद्ध ओरडता येतं, अनुदान आटलं तर फक्त निवेदन देता येतं. बंगळुरूवरून धडा घ्यायचा तर तो एवढाच की पैसा महापालिकेच्या सर्वसाधारण खात्यात एक दिवससुद्धा राहू द्यायचा नाही. घरपट्टी ऑनलाईन भरताना उपकराची रक्कम त्याच क्षणी वेगळ्या खात्यात वळवणं आज अशक्य आहे का? करायचं ठरवलं तर एका परिपत्रकाचं आणि थोड्या सॉफ्टवेअरचं काम आहे.

तामिळनाडूकडे बघताना लोक थकबाकी बघतात, बाकीचं बघत नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन यांनी मद्रासचा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली, १९४८ ला तो झाला. आज तिथे साडेचार हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, २०१० ला चेन्नईत अण्णा शताब्दी ग्रंथालय उभं राहिलं, २०२३ ला मदुराईत दुसरं तसंच मोठं. मधे २०११ मध्ये सत्ता बदलली आणि नव्या सरकारने चेन्नईचं ते ग्रंथालय हलवून तिथे मुलांचं हॉस्पिटल करायचं ठरवलं. मुलांच्या हॉस्पिटलला विरोध कोण करणार? तरीही लोक कोर्टात गेले, हायकोर्टाने स्थगिती दिली आणि ग्रंथालय जागेवर राहिलं. साठ वर्षं करातून ग्रंथालयं चालवलेल्या समाजाला ते आपलं वाटतं, माझा असा अंदाज आहे की त्या भांडणामागे ही सवय होती. आपल्याकडे एखाद्या वाचनालयाच्या जागी कॉम्प्लेक्स झालं तर आपण हळहळतो, एखादी पोस्ट टाकतो, कोर्टात जातो का?

मोबाईलचा मुद्दा थोडक्यात. नेटवर सगळं आहे असं म्हणणाऱ्याने मराठीत एखाद्या तालुक्याचा इतिहास, जुनं गॅझेटियर किंवा चाळीस वर्षांपूर्वी छापलेली आणि पुन्हा न निघालेली कादंबरी शोधून बघावी. आणि ज्या घरात एकच फोन आहे, तो बापासोबत कामावर जातो, तिथे मुलीने काय करायचं? लॉकडाऊनमध्ये हे आपण सगळ्यांनी बघितलंय. कर्नाटकने २०१९ ला ग्रामपंचायतींची ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडे घेतली आणि पुढे तिथे कॉम्प्युटर, इंटरनेट दिलं. मोबाईल आल्यामुळे ग्रंथालयाचं काम वाढलंय.

मग दानशूर लोक, कंपन्यांचा समाजकार्याचा निधी म्हणजे सीएसआर, आमदार निधी, यांच्यातून का नाही? यावर जगातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालय दात्याचंच उदाहरण आहे. अमेरिकेतला पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी याने अडीच हजारांच्या आसपास ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले, पण साधारण अट अशी असायची की गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या १० टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवायला स्थानिक करातून देण्याचं वचन द्यावं. ज्याच्याकडे अमाप पैसा होता त्याला कळलेलं होतं की इमारत दानातून होते, रोज सकाळी दार उघडणं दानातून होत नाही. आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिला भरपूर आहेत, आठवडाभर उघड्या राहणाऱ्या इमारती किती?

लोकांनाच हा कर नको आहे, मग लोकशाहीत लादायचा कशाला, असंही म्हणतात. ब्रिटनमध्ये १८५० चा ग्रंथालय कायदा झाला तेव्हा पार्लमेंटमध्ये एका कर्नल साहेबांनी सरळ सांगितलं होतं की मला स्वतःला वाचन बिलकुल आवडत नाही. बाकीच्यांना भीती होती की कामगार तिथे जमतील, वाचतील आणि चळवळी करतील. कायदा झाला तोही इतका हात आखडून की पौंडामागे अर्धा पेनी कर, तोसुद्धा करदात्यांच्या दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला तरच, आणि त्यातून इमारत बांधता यायची पण पुस्तकं घेता यायची नाहीत! पुस्तकांची मुभा १८५५ ला मिळाली. लंडनच्या कित्येक भागांत करदात्यांनी तो कर मतदानात पुन्हा पुन्हा फेटाळला. १९१९ पर्यंत करावर मर्यादा होती. आज त्याच देशात शाखा बंद करायची म्हटलं की गल्लीतले लोक रस्त्यावर येतात. लोकांना नको होतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं म्हणून.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. सयाजीराव गायकवाड मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. बडोद्यात १९०६ ला त्यांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केलं आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की शाळा सोडल्यावर हातात पुस्तक आलं नाही तर शिकलेलं विसरून जातं. १९१० ला त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, मध्यवर्ती ग्रंथालय, फिरत्या पेट्या, गावोगाव वाचनालयं असं जाळं उभं केलं. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी तिहेरी रचना होती. म्हणजे लोकांचा वाटाही आणि राज्याची बांधिलकीही. आणि भारतातला पहिला ग्रंथालय कायदा म्हणून ज्याची नोंद होते तो १९४५ चा कोल्हापूर संस्थानचा. शंभर वर्षांपूर्वी मराठी राजाला जे परवडलं, ते देशातल्या श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या महाराष्ट्राला आज परवडत नाही हे मी मान्य करायला तयार नाही.

आता एक गोष्ट उपकराच्या बाजूच्या लोकांना ऐकायला आवडणार नाही पण बोललीच पाहिजे. सगळी ग्रंथालयं पवित्र नाहीत. २०१२ ला सरकारने पडताळणी केली तेव्हा कागदावर चालणारी, बोर्ड आहे पण आत काही नाही अशी ग्रंथालयं सापडली होती. काही संस्था दोन-तीन घराण्यांच्या मालकीच्या झाल्यात. अशांच्या हातात उपकर द्यायचा असेल तर मीही विरोध करेन. म्हणून उपकरासोबत अटी हव्यात आणि त्या कायद्यातच हव्यात. ज्या ग्रंथालयाला उपकराचा पैसा, तिथे त्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाला मोफत सभासदत्व, भाडेकरूला आणि झोपडीत राहणाऱ्यालाही, कारण भाड्यातून घरपट्टी तोही भरतोच. संध्याकाळी आणि रविवारी दार उघडं. पैशातला मोठा वाटा आधी ग्रंथपालाच्या पगाराला, कारण माणूस टिकला तर बाकी सगळं टिकतं. आणि वर्षाचा जमाखर्च दारावर लावलेला, वॉर्डातून किती जमले आणि किती आले यासकट.

रचना कशी असावी तर मला केरळचा नमुना आपल्याला जवळचा वाटतो. तिथेही ग्रंथालयं लोकांनीच काढलेली, आपल्यासारखीच. पण १९८९ च्या कायद्याने त्यांची निवडून आलेली ग्रंथालय परिषद झाली, तालुका, जिल्हा, राज्य अशा पातळ्यांवर, ५ टक्के उपकर तिच्याकडे जातो, शिवाय शिक्षणाच्या तरतुदीतला किमान १ टक्का सरकारने द्यायचा असं कायद्यात आहे. म्हणजे जुन्या संस्था मोडायला नको, त्यांचा मान राहतो, आणि पैसा मंत्रालयाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. आपल्या अकरा-बारा हजार संस्थांसाठी याहून सोपी वाट मला दिसत नाही.

हे व्हायला १९६७ च्या कायद्यात दुरुस्ती लागेल आणि ती विधिमंडळानेच करायचीय. महापालिकांच्या कायद्यात ग्रंथालय हे ऐच्छिक कामांत येतं, बंधनकारक नाही, त्यामुळे नगरसेवक हात वर करू शकतो आणि करतोही. ग्रामपंचायतीला तेही म्हणता येत नाही, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे द्यायच्या विषयांच्या यादीत, विसाव्या क्रमांकाला ग्रंथालयं स्पष्ट लिहिलेली आहेत. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, पुढच्या वॉर्ड मीटिंगमध्ये उपकर हवा की नको यावर हात वर करायच्या आधी एवढं विचारा की आपल्या हद्दीत ग्रंथालय आहे का, ते किती तास उघडं असतं, ग्रंथपालाला महिन्याला किती मिळतात आणि गेल्या वर्षी पुस्तकांवर किती खर्च झाला. उत्तरं लेखी मागा. ती हातात आल्यावर मग २ टक्के जास्त वाटतात की कमी, यावर भांडू, आणि ते भांडायला मी नक्की येईन.